दुसरा हात

रंगाऱ्याने डबी धुऊन, पुसून ओट्यावरच्या उन्हात पालथी घालून ठेवली होती. इतकी लखलखीत मी ती कधीच पाहिली नव्हती. कडांना बसलेला हिरवा कळंक गेला होता, झाकणाची बुजलेली भोकं मोकळी झाली होती. मी कामावरून येऊन चपला काढतेय तोच तो आनंदाने म्हणाला, “बेन, डबी तो एकदम सरस छे. अंदर काळी माटी भरेली हती, ते में काढी नाखी.” त्याला शाबासकी हवी होती आणि ती मिळायलाही हवी होती. खिडकी रंगवायची म्हणून तिथलं सगळं सामान त्याने आपण होऊन उतरवलं होतं, एकेक वस्तू पुसून सतरंजीवर मांडली होती. डबी त्या खिडकीत ठेवणारी मी, आणि सकाळी निघताना ती उचलायला विसरणारीही मीच. मी एवढंच विचारलं, “क्यां नाखी?” त्याने खिडकीतून खाली चौकाकडे बोट केलं. तिथे कोपऱ्यात दिवसभराचा कचरा लोटून ठेवला होता. भिंतीचे खरवडलेले पोपडे, पुट्टीची पांढरी भुकटी, विटांचा चुरा, जुन्या रंगांचे पिवळे-हिरवे पापुद्रे. त्या ढिगात दीड मूठ काळी वाळू कुठे दिसणार?

आजीची वाळू होती ती.

खरं म्हणजे आधी ती पणजोबांची. पणजोबा गायकवाड सरकारच्या दफ्तरात कारकून होते. दौत, बोरू, बोरू तासायचा चाकू आणि ही पितळेची वाळूदाणी, एवढा त्यांचा बैठकीवरचा संसार. निवृत्त झाल्यावरही घरचा जमाखर्च ते बोरूनेच, मोडीत लिहीत. तोवर बाजारात टीपकागद मिळत होता, आजोबा तर फाउंटन पेन वापरत होते. पण पणजोबांचं म्हणणं असं की टीपकागद शाई पिऊन टाकतो, अक्षर फिकं पडतं. वाळू शाईला वाळू देते. ओळ ओली आहे तोवर डबी वरून हलकेच हलवायची, क्षणभर थांबायचं, मग कागद तिरका करून वाळू परत डबीत ओतायची. आमच्याकडे त्यांच्या वह्यांपैकी दोन उरल्या आहेत. मला मोडी वाचता येत नाही, पण पान उजेडात धरलं की एखाद्या जाड फराट्यात अडकून राहिलेला कण अजून लुकलुकतो. घरातला कुणीतरी कधीतरी मोडी शिकेल या आशेवर त्या वह्या प्रत्येक पिढीने जपल्या, आणि शिकलं मात्र कुणीच नाही. याची मला मनापासून खंत आहे.

या कामाला नदीची साधी रेती चालत नाही. ती भरड असते, कागद खरवडते, अक्षराला चिकटून बसते. पणजोबांना हवी असायची बारीक, गोल दाण्याची, वजनदार वाळू, जी कागदावरून पाऱ्यासारखी घरंगळेल आणि मागे धूळ ठेवणार नाही. ती बडोद्यात कुठून मिळणार? १९३८ साली आजी लग्न होऊन या घरात आली. पुढच्या वर्षी पहिल्या माहेरपणाला निघाली, नमस्काराला वाकली, तेव्हा पणजोबा म्हणाले, “रत्नागिरीची ना तू? मग येताना तुमच्या काळ्या समुद्राची वाळू आण.” सासऱ्यांनी सुनेशी थेट बोलायचा तो काळ नव्हता. आजी सांगायची, त्या पहिल्या वर्षात मामंजी माझ्याशी बोलले ते एवढंच.

रत्नागिरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. आजीचं माहेर मांडवीच्या जवळ. लहानपणी तिला वाटायचं की सगळ्या जगातल्या गावांना असे दोन-दोन समुद्र असतात. दुपारी काळ्या वाळूवर पाय ठेवायची सोय नाही, भाजून निघतात, म्हणून पोरं ओल्या पट्ट्यावरून पळायची. पावसाळ्यात लाटा पिसाळल्या की हलकी वाळू ओढून नेतात आणि जड तेवढी मागे राहते. त्या दिवसांत किनारा आणखी काळा दिसतो. नारळी पौर्णिमेला सगळे नारळ घेऊन समुद्रावर जात तेव्हाच्या वाळूला ती “नवी वाळू” म्हणायची. वरून सरळ मूठ भरायची नाही. करवंटीत घ्यायची, पाणी घालायचं, गोल गोल हलवायचं. पांढरे दाणे, शिंपल्यांचा चुरा पाण्याबरोबर कडेने निघून जातो आणि तळाशी काजळासारखा थर उरतो. हे करून दाखवताना तिच्या हातात करवंटी नसली तरी मनगट बरोबर त्या चालीने फिरायचं. तांदूळ धुतानाही तसंच फिरायचं.

मग ती पुरचुंडी घेऊन बोटीचा प्रवास. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं. मुंबईला उतरायचं, रात्री नातेवाइकांकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी बडोद्याची गाडी. ट्रंकेत आंबोशी, कुळीथ, कोकमं आणि कपड्यांच्या घडीत ही वाळू. ती म्हणायची, ट्रंक एवढीशी पण हमाल उचलताना दचकायचा. मला हे लहानपणी अतिशयोक्तीचं वाटायचं. पण डबी हातात घेतली की कळायचं. आकार पाहून हाताने वजनाचा जो अंदाज बांधलेला असतो, त्यापेक्षा ती दर वेळी जड निघायची. साधी वाळू पाण्याच्या अडीचपट-पावणेतीनपट जड असते, ही साडेचार-पाचपट. आजीला आकडे माहीत नव्हते, तिच्या मनगटाला मात्र ते ठाऊक होते.

एक गोष्ट ती नेहमी हसत सांगायची. लग्नानंतर आठवडाभरातच सासूबाई म्हणाल्या, “चल, मांडवीवर जाऊन येऊ.” ही आनंदाने आतून भरून आली. पदर सावरून निघाली, वाटेत वाऱ्याला खारा वास येतोय का ते पाहत राहिली. आणि शहराच्या मधोमध, चारी बाजूंनी रस्ते येऊन मिळतात तिथे, कमानींची ती इमारत दिसली. बडोद्याची मांडवी ती. टांगे होते, भांड्यांची दुकानं होती, गर्दी होती. सासूबाईंनी घासाघीस करून एक तपेलं घेतलं आणि दोघी परत आल्या. ऐकणारे सगळे हसायचे, मीही हसायचे. पंधरा वर्षांची मुलगी तपेलं हातात घेऊन परत येताना काय विचार करत असेल हे मी तिला कधीच विचारलं नाही.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच साली पणजोबा गेले. बोरू गेला, दौत वाळली, वाळूला काम उरलं नाही. आजीने ती टाकली नाही. मला अक्षरं तिनेच शिकवली, त्याच वाळूवर. पितळेच्या परातीत वाळू पसरायची, परात दोन्ही हातांनी धरून एकदा हलवायची की वाळू सगळीकडे सारखी होते. मग माझं बोट धरून ‘ग’ काढायची. काळ्या वाळूतून बोट फिरलं की खालचं पितळ उघडं पडायचं आणि काळ्यावर सोनेरी अक्षर उमटायचं. पाटीवरच्या पेन्सिलीची करकर नाही, खडूची पूड नाही. बोटाखाली फक्त गार, मऊ, दाणेदार असं काहीतरी सरकायचं. चुकलं तर पुसायचं नाही, परात हलवायची. एकदा मी ‘श्री’ फार सुंदर काढला होता आणि तो मोडू नये म्हणून रडून गोंधळ घातला होता. आजीने रात्रभर परात तशीच ठेवली. सकाळी पाहिलं तर त्यावरून मुंग्या चालत गेल्या होत्या. बारीक टिंबांची एक रांग ‘श्री’च्या वेलांटीवरून पलीकडे गेली होती.

त्या संध्याकाळी रंगारी गेल्यावर मी ढिगाजवळ बसून राहिले. भाची सुट्टीला आलेली होती, दहावीत आहे. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “मावशी, चिकटते ना ती वाळू चुंबकाला? मग काढू की.” माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि खरं तर आधी यायला हवं होतं, कारण आमचं सगळं बालपण रेतीच्या ढिगाऱ्यांवर गेलं. गल्लीत कुठे बांधकाम निघालं की ओरसंग नदीची रेती येऊन पडायची आणि आम्ही बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून तीत फिरवायचो. वर काढलं की त्याला काळी दाढी आलेली असायची. केस ताठ उभे, टोकाशी पंखासारखे फुललेले. ती दाढी चिमटीत ओढून काढताना बोटांची टोकं काळी व्हायची आणि लोखंडाचा वास दोन-दोन धुण्यांनी जायचा नाही. कोण जास्त जमवतो यावर पैजा लागायच्या. गोट्यांसारखीच ती मिळकत होती. काड्यापेटीत भरून ठेवायची.

माळ्यावरून जुना स्पीकर काढला, त्याचं चुंबक सोडवलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, म्हणजे पिशवी उलटी केली की दाणे आपोआप सुटून पडतात. टॉर्च भाचीने धरला. पोपडे हाताने बाजूला केले, भुकटी पसरली आणि चुंबक फिरवायला लागले. पहिल्याच फेरीला दाढी आली. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. रात्री अकरापर्यंत आम्ही ते करत होतो. फरशीच्या फटींतून, पन्हळीच्या तोंडातून, केरसुणीच्या काड्यांतून. पांढरी भुकटी बरोबर येत होती म्हणून ताटलीत पाणी घालून धुतलं आणि नकळत माझं मनगट गोल फिरायला लागलं.

तरी डबी अर्धीसुद्धा भरली नाही.

सकाळी उजेडात पाहिलं तर चुंबकाने जिथली वाळू उचलली होती तिथेच आणखी काळे दाणे पडलेले. त्यांच्यावरून चुंबक नेलं तर ते जरासे हलायचे, वर मात्र यायचे नाहीत. भाची पुस्तकातून, मोबाइलवरून शोधून सांगायला लागली आणि मग मीही वाचत बसले. त्या वाळूत मुख्यतः दोन काळी खनिजं असतात. एक मॅग्नेटाइट, लोखंड आणि प्राणवायू यांचं; ते चुंबकाला धावत येतं. दुसरं इल्मेनाइट, त्यात लोखंडाबरोबर टायटॅनियमही असतं. त्याची ओढ फार मंद, त्याला तगडं चुंबक लागतं. रत्नागिरीचा किनारा या इल्मेनाइटसाठीच भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. म्हणजे रात्री खपून आम्ही जे गोळा केलं ते त्या वाळूतलं सहज येणारं तेवढंच होतं. जे तिचं खास होतं ते कचऱ्यातच राहिलं होतं. रंगाऱ्याला मी फोन केला, म्हटलं ढीग आज उचलू नका. तो बरं म्हणाला, का ते विचारलं नाही.

भाचीच्या बाबांकडे बंद पडलेल्या संगणकाची हार्डडिस्क होती. तिच्या आतलं चुंबक निघालं नखाएवढं, पण दोन बोटांत धरलं तर कातडीला चिमटा बसेल असं. ते पिशवीत घालून फिरवलं आणि कालचे हट्टी दाणे उडी मारून आले. त्यांची दाढी होत नाही, नुसता एक काळा लेप होतो, जरा जोरात झटकलं की गळतो. पण आले.

हे करताना मला सारखा दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक पाद्री आठवत होता, ज्याच्याविषयी मी त्याच सकाळी वाचलं होतं. विल्यम ग्रेगर. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथल्या मनॅकन नावाच्या लहानशा गावातल्या ओढ्याची काळी वाळू त्याच्या हाती आली. थोडीशीच वाळू, एका खेड्यातल्या एका ओढ्याची. दिसायला बंदुकीच्या दारूसारखी. त्याने चुंबक जवळ नेलं, ती ओढली गेली. लोखंड आहे हे कळलं. दुसरा कुणी इथेच थांबला असता. त्याने आम्लांत उकळून लोखंड वेगळं केलं आणि मागे जे उरलं ते त्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही धातूच्या भस्माशी जुळेना. १७९१ साल होतं. तेव्हा इकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि दफ्तरात बोरूंनी अक्षरं झरत होती. ग्रेगरने त्या वाळूला गावाचं नाव दिलं, मनॅकनाइट. चार वर्षांनी बर्लिनच्या क्लाप्रोथने दुसऱ्याच एका खनिजात तोच धातू शोधला आणि ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून त्याला टायटॅनियम म्हटलं. पुढे त्यानेच पडताळून पाहिलं की ग्रेगरचा धातू आणि आपला धातू एकच. नाव मात्र क्लाप्रोथचं टिकलं, आणि खनिजाला रशियातल्या इल्मेन डोंगरांचं मिळालं. ओढ्याच्या गावाचं नाव पुस्तकाच्या तळटीपांत गेलं. मला हे लागलं. आमच्याकडे लग्नात आजीचं नावही बदललं होतं. माहेरचं नाव मला तिच्या सत्तरीत, रत्नागिरीहून आलेल्या एका पत्रावर पहिल्यांदा कळलं.

आणि ज्या रंगाने आमची भिंत पांढरी होत होती तो रंग याच वाळूतून येतो, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. दुकानदाराने डबा देताना सांगितलं होतं, “यात टायटॅनियम भरपूर आहे ताई, दोन हातांत भिंत झाकेल.” मी नुसती मान हलवली होती. काळ्या इल्मेनाइटमधलं लोखंड काढून टाकलं की टायटॅनियमचं पांढरंशुभ्र भस्म मिळतं, टायटॅनियम डायऑक्साइड. प्रकाश वळवायची त्याची ताकद हिऱ्यापेक्षा जास्त, म्हणून पातळ थरही खालचं सगळं झाकून टाकतो. आजीच्या काळी दिवाळीआधी चुन्याचा हात द्यायचे, नीळ आणि डिंक घालून. त्या चुन्याला ओला, थंड वास असायचा, पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरा पट्टा उठायचा, आणि मागच्या वर्षीचा डाग दोन महिन्यांत पुन्हा वर यायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर गल्लीत शिरला, ओटा बुडाला, चौकात गाळ साचला. भिंतींवर कमरेएवढी ओल चढली होती, ती उतरायला वर्ष गेलं, पण मातकट रेघ राहिलीच. चुन्याने ती कधीच झाकली नसती. या रंगाने पहिल्याच हातात निम्मी झाकली.

हे वाचल्यापासून पांढरा रंग दिसला की मी थबकते. मागच्या महिन्यात राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं पुन्हा पाहिली. लहानपणापासून किती वेळा पाहिली असतील, नेहमी लक्ष जरीकडे आणि दागिन्यांकडे. यावेळी मी फक्त पांढरं पाहिलं. साडीच्या काठावरचा उजेड, मोत्याच्या टोकाचं टिंब, डोळ्यातलं पाणी. या पांढऱ्यात टायटॅनियम असूच शकत नाही, कारण तो रंग बाजारात आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि रविवर्मा १९०६ मध्येच गेले. (जर्मनीत एका नकली चित्रकाराचं बिंग असंच फुटलं: चित्र १९१४ चं म्हणून विकलं आणि आत टायटॅनियमचा पांढरा निघाला.) रविवर्मा होते त्रावणकोरचे, किळिमानूरचे. त्याच त्रावणकोरचा किनारा काळ्या वाळूने भरलेला. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या ती नजरेस आली, तीसुद्धा तिकडून गेलेल्या काथ्याला चिकटलेली घाण म्हणून. तो दुसऱ्याच खनिजाच्या मागे होता, पण त्या वाळूत इल्मेनाइटचा साठा होता. इतका पांढरा रंग त्या चित्रकाराच्या स्वतःच्या समुद्रावर पडून होता आणि तो शिसं-जस्ताच्या पांढऱ्याने मोती रंगवत होता. चित्रं त्याने काही कमी पडत नाहीत. तरी मी त्या दालनात बराच वेळ उभी राहिले.

गोळा केलेली वाळू मी इथल्या विद्यापीठात भूशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित बाईंना दाखवली. त्यांनी चिमूटभर काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ही सगळी तुमच्या आजीची नाही.” मीही डोळा लावला. काळे दाणे दोन तऱ्हेचे होते. काही गोल, गुळगुळीत, घासून घासून मोहरीसारखे झालेले, हे समुद्राचे. काही कोनाकोनांचे, धार असलेले, एखाद्याचे तर नीट पैलू दिसत होते. हे फार प्रवास न केलेले. त्यांनी विचारलं, चौकात पुराचा गाळ आला होता का? आला होता. फरशीच्या फटींत तो अजून आहे. विश्वामित्री पावागडावरून येते आणि पावागडाचा काळा दगड झिजून त्यातलं मॅग्नेटाइट तिच्या गाळात उतरतं. शिवाय घर बांधताना आलेली ओरसंगची रेती, खिळ्यांचा गंज, आणखी काय काय. चुंबकाने कुणाचं गाव विचारलं नव्हतं.

मला वाईट वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं असावं. त्या म्हणाल्या, वेगळी करता येईल. सुईच्या टोकाने, सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक दाणा. महिनाभर लागेल, एखाद्या विद्यार्थ्याला बसवते. आणि मग, जणू सहज, त्यांनी पुढचं सांगितलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची ही काळी वाळू येते सह्याद्रीच्या दगडातून. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले, त्याचाच सह्याद्री. पावागडही त्याच लाव्ह्याचा. एक दाणा सह्याद्रीवरून खाडीतून समुद्रात गेला, भरती-ओहोटीत गोल झाला, करवंटीत आला, ट्रंकेतून बडोद्याला आला. दुसरा पावागडावरून निघाला आणि पुराबरोबर आमच्या चौकात. दोघांचं मूळ एकच.

मी विद्यार्थ्याला बसवायला नको म्हटलं.

आजी बडोद्यात अडुसष्ट वर्षं राहिली. शेवउसळ ती अशी करायची की नाक्यावरचा गाडीवाला विचारायला यायचा. भाजीवालीशी गुजरातीतून भांडायची, भांडण रंगात आलं की त्यात कोकणी शिव्या शिरायच्या आणि भाजीवालीला त्या पाठ झाल्या होत्या. माहेरची माणसं एकेक करून गेली, नंतर नंतर ती तिकडे गेलीही नाही. तरी “आमच्याकडे” म्हणजे शेवटपर्यंत रत्नागिरी. आजोबा चिडवायचे, अगं मग हे कुणाकडे? ती उत्तर द्यायची नाही. शेवटच्या दिवसांत, २००६ च्या पावसाळ्यात, तिला भान नसायचं. एकदा पहाटे म्हणाली, मांडवीवर जाऊन येते. आई म्हणाली, आत्ता दुकानं बंद असतील. ती कोणत्या मांडवीबद्दल बोलत होती ते आम्हा कुणालाच समजलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी दुसरी मांडवी कुणाच्या मनातही आली नाही, माझ्याही नाही. हे मला फार उशिरा आठवलं आणि आठवल्यापासून जात नाही.

पहिला हात पूर्ण वाळल्यावर चार दिवसांनी रंगारी दुसऱ्या हाताला आला. त्याला सगळं सांगितलं होतं. तो खजील होता, मी नको म्हणत असतानाही पुन्हा पुन्हा माफी मागत होता. डबी आता परत खिडकीत होती, पाऊण भरलेली. त्याने ती उचलून हातात तोलली. “आटली वजनदार!” म्हणाला आणि दोन्ही हातांनी नीट खाली ठेवली. मग खिडकीबाहेर वाकून चौकाकडची भिंत हाताने चाचपायला लागला. दुसरा हात देण्याआधी तो नेहमी असं करतो, कुठे खर राहिली असेल तर काचकागदाने घासतो. खिडकीच्या खाली त्याचा हात थांबला. मला बोलावलं.

त्या दिवशी डबी खिडकीतून झटकली तेव्हा खालचा पहिला हात ओला होता. पांढऱ्या भिंतीवर वीतभर जागेत काळे दाणे बसले होते, पंधरा-वीस असतील. रंगात रुतून पक्के झालेले. मी ओट्यावर चढून अगदी जवळून पाहिलं. सगळे गोल. उन्हाची तिरीप पडली की एकेक लुकलुकत होता.

“बेन, घसी नाखुं?” त्याने काचकागदाची घडी बोटाला गुंडाळली होती.

“ना. रहेवा दो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. काचकागद खिशात घातला. रोलर बाजूला ठेवून पिशवीतून दोन बोटांचा लहान ब्रश काढला आणि त्या दाण्यांच्या कडेकडेने, श्वास रोखून, दुसरा हात द्यायला लागला. तेवढ्या वीतभर जागेवर पहिलाच हात राहिला आहे.